दिनचर्या, रात्रपाळी आणि मनःस्वास्थ्य

आयुर्वेदोक्त दिनचर्येचा आरंभ ब्राह्ममुहूर्तावरील उत्थानाने होतो. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतील रात्रपाळीचा कामगार त्या वेळी यंत्रापुढे उभा असतो. त्याला हा उपदेश निरुपयोगी. ग्रंथकारांनी मात्र अशांचा विचार केलेला आहे. ग्रीष्म वगळता दिवास्वाप निषिद्ध मानणारी चरकसंहिता सूत्रस्थानाच्या २१ व्या अध्यायात जागरणाने, तसेच क्रोध, शोक व भय यांनी क्लान्त झालेल्यांना त्याची मुभा देते. वाग्भटांनी तर मात्राही सांगितली आहे : सवय नसता जागरण घडल्यास त्याच्या निम्मा काळ, सकाळी, जेवणापूर्वी निद्रा घ्यावी. दर आठवड्यास पाळी बदलणाऱ्याला जागरण कधी अंगवळणी पडतच नाही! म्हणून त्याच्यासाठी प्रथम निद्रा, मग शवासन व संथ श्वसन, आणि इतर आसने त्यानंतर, हा क्रम युक्त वाटतो. निद्रानाश वा औदासीन्य टिकून राहिल्यास मनोविकारतज्ज्ञाकडे जाणे आवश्यकच.