पाण्याची शाई : आधी कापड बघा, मग हवा

सातारा-सांगलीत टी-शर्ट छापणाऱ्यांची खरी घाई गणपतीच्या तोंडावर असते. मंडळांच्या ऑर्डरी एकदम येतात आणि नेमकी तेव्हाच हवा ओली असते. चैत्रात यात्रांचं आणि 14 एप्रिलच्या जयंतीचं काम निघतं, तेव्हा आटपाडी-जतकडे रखरखाट असतो. दोन्ही हंगामांत एकच पेस्ट एकाच पद्धतीने चालवली की गडबड होते.

शाईत असतं काय?

पाण्याच्या शाईत पिगमेंट, बाइंडर, थिकनर आणि पाणी असतं. पाणी उडालं की बाइंडर रंगाला धाग्याशी धरून ठेवतो. प्लास्टिसॉल ही पीव्हीसीची शाई कापडावर थर धरते आणि इस्त्रीखाली वितळते. पाण्याची पिगमेंट शाई धाग्यात मुरते, त्यामुळे छपाई मऊ राहते. पूर्वी पिगमेंट पेस्ट घट्ट करायला रॉकेल घोटून घालत. आता सिंथेटिक थिकनर मिळतात.

कोणत्या कापडाला कोणती?

पांढरं किंवा फिकट सुती : साधी पिगमेंट पेस्ट. ती पारदर्शक असते आणि हाताला जाणवत नाही.

गडद सुती : टायटॅनियम डायऑक्साइड असलेली खादी पेस्ट, किंवा ताण सहन करणारी रबर पेस्ट. भगव्या टी-शर्टवर निळा पिगमेंट थेट मारला तर मळकट तपकिरी दिसतो. आधी पांढरा थर द्या, तो सुकवा, मग निळा घ्या.

डिस्चार्ज : ही कापडाचा मूळ रंग काढून टाकते. सुती कापड रिअ‍ॅक्टिव्ह रंगाने रंगवलेलं असेल तरच जमते. वास उग्र येतो, खोलीत वारा खेळता हवा.

पॉलिएस्टर : मॅरेथॉनच्या जर्सीसारख्या कापडाला सब्लिमेशन बरं. पेस्ट छापली तर गरम झाल्यावर जर्सीचा रंग वरच्या पांढऱ्या छपाईत उतरतो.

मांजरपाटाच्या पिशव्या : 2018 च्या प्लास्टिकबंदीनंतर या कामाला जोर आला. विटा, इचलकरंजीच्या मागांवरचं कोरं कापड कांजीचं असतं. कांजी धुऊन काढल्याशिवाय रंग आत शिरत नाही.

जाळी आणि स्टेन्सिल

गडद कापडावर जाड थर हवा, म्हणून इंचाला 110 धाग्यांच्या आसपासची जाळी. फिकट कापडावरच्या बारीक अक्षरांना 160 किंवा त्याहून बारीक. स्टेन्सिलचं इमल्शन पाणी सोसणारंच घ्या, नाहीतर शंभर नग होण्याआधी अक्षरांच्या कडा विरघळतात.

जाळी बुजते तेव्हा

उन्हाळ्यात शाई जाळीतच सुकते, म्हणून पंख्याचा झोत थेट फ्रेमवर नको. प्रत्येक छपाईनंतर जाळीवर शाईचा हलका थर ओढून ठेवा. चहाला जायचं असेल तर आधी शाई काढून जाळी पुसा. पेस्ट घट्ट वाटली तर पाण्याचा बारीक फवारा पुरे. मगाने पाणी ओतून पातळ केलेली पेस्ट कडा सोडून पसरते.

पक्कं करणं

बहुतेक पेस्टना 150 ते 160 अंश सेल्सिअसला दोन-तीन मिनिटं लागतात. नेमका आकडा डब्यावर बघा. ही उष्णता कापडाला मिळायला हवी, मशिनच्या काट्यावर दिसून उपयोग नाही. पाणी उडेपर्यंत कापड तितकं तापतच नाही. म्हणून पावसाळ्यात वेळ वाढवा आणि हीट प्रेस मधूनमधून उघडून वाफ जाऊ द्या. रंग पक्का करणारा फिक्सर लागेल तेवढ्याच पेस्टमध्ये मिसळा. उरलेली दुसऱ्या दिवशी भरवशाची नसते.

मग ओला पांढरा रुमाल छपाईवर दहा वेळा घासा. रुमालावर रंग आला तर गठ्ठा बांधू नका, पुन्हा तापवा.

धुण्याआधी

पाण्याची शाई म्हणून ती मोरीत सोडायची नाही. बाइंडर नाल्यात, नाल्यातून कृष्णेत जातो. उरलेली पेस्ट खरवडून डब्यात भरा, फ्रेम पुसा, नंतरच धुवा.

आणि मंडळाची ऑर्डर घेतानाच सुकवण्याचा एक दिवस जास्त मागून घ्या. पावसाळ्यात तो लागतोच.