चाकूची मूठ रंगविण्याची घरगुती कृती

गेल्या वैशाखात आमचे शेतावर एक मोठा अपघात होता होता टळला. सालगडी कडबाकुट्टीच्या यंत्रात ज्वारीच्या पेंढ्या घालीत होता. एकाएकी आत कडाका झाला, यंत्राचे पाते तुटले आणि पोलादाचा एक तुकडा त्याच्या कानाजवळून जाऊन गोठ्याच्या पत्र्यावर आदळला. यंत्र बंद करून पाहिले तो आत आमचाच घडीचा चाकू निघाला. फाल्गुनात पेंढ्या बांधतेवेळी तो हरवला होता. मूठ काळी, रान काळे आणि वेळ दिवेलागणीची. तीन माणसांनी अर्धा तास शोधूनही तो तेव्हा सापडला नाही. "मालक, देवानं वाचिवलं," इतकेच बोलून तो गडी मटकन खाली बसला.

त्या दिवशी माणूस वाचला. परंतु तोच चाकू तुकडे होऊन मुकाट्याने कुट्टीत मिसळला असता, तर जनावर वाचते ना. गाय-बैल चारा निवडून खात नाहीत. जिभेने ओढून घास पोटात ढकलतात. चाऱ्यातील खिळा, तार अथवा पात्याचा तुकडा दुसऱ्या, म्हणजे जाळीदार पोटात जाऊन बसतो. ते पोट हृदयाच्या अगदी जवळ असते. त्याच्या आकुंचनाने टोकदार लोखंड पुढे सरकते आणि पडदा भेदून हृदयाच्या आवरणापर्यंत जाते. जनावर चारा सोडते, दूध एकदम आटते, पाठ कमानीसारखी होते, आणि पुष्कळदा कारण कळण्यापूर्वीच ते दगावते. तेव्हा रानात हरवलेला चाकू म्हणजे केवळ बाजारभावाने मोजावयाचे नुकसान नव्हे, हे सुज्ञ शेतकरी बंधूंच्या ध्यानात येईल.

आमचे शिक्षण मराठी सातवीपर्यंत झाले आणि उमेद महसूल खात्याच्या दप्तरात गेली. रसायनशास्त्राचा अधिकार आम्हास नाही. पण नोकरीने एक सवय लाविली. घडलेल्या गोष्टीचा पंचनामा करावयाचा आणि पुन्हा तसे न घडण्याची तजवीज पाहावयाची. यंत्रात सापडलेल्या चाकूचा पंचनामा केला तेव्हा दोष दोनच निघाले. एक आमचा निष्काळजीपणा; दुसरा मुठीचा काळा रंग. पहिल्यावर औषध नाही. दुसऱ्यावर आहे.

हे औषध सुचण्यास एक जुनी आठवण कारण झाली. दि. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी आमचे किल्लारी गाव भूकंपाने जमीनदोस्त झाले. दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचे जड माळवद, अशी आमचीही वडिलोपार्जित माडी होती. घरातील माणसे जिवंत निघाली ही ईश्वराची कृपा. भाऊबंदांपैकी अनेकांच्या घरी तसे झाले नाही. पुढे काही दिवसांनी ढिगारा उपसताना सगळ्या वस्तूंचा रंग एकच, मातीचा झालेला होता. त्यात एक पिवळा ठिपका दिसला. तो वडिलांचा कलम करण्याचा चाकू. त्याची मूठ मूळची सायीच्या रंगाच्या नायलॉनची. परंतु मातोश्री त्याच चाकूने ओली हळद चिरीत, म्हणून ती वर्षानुवर्षे पिवळी होत गेली होती. हळदीचा डाग धुऊनही जात नाही, याबद्दल वडील कुरकुर करीत. त्या डागामुळेच त्यांचा चाकू आम्हास परत मिळाला. आज तो आमचे खिशात आहे.

आता मुठीच्या पदार्थाचा विचार करू. हल्ली बाजारात मिळणाऱ्या चाकूंच्या मुठी लाकूड वा शिंगाच्या क्वचित, बहुधा कृत्रिम पदार्थाच्या असतात. त्यांतील नायलॉन रंग उत्तम घेते. हा पदार्थ अमेरिकेत वॉलेस कॅरोदर्स यांनी १९३५ साली ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत प्रथम सिद्ध केला. लोकर व रेशीम यांच्या अंगी जसे रंग पकडणारे अंश असतात, तसेच नायलॉनच्याही अंगी असतात. म्हणून जो रंग लोकरीस व रेशमास चालतो तोच यासही चालतो, आणि सुती कापडाचा रंग चालत नाही. नायलॉनमध्ये काचतंतू मिसळून केलेल्या कणखर मुठीही रंग घेतात. मात्र क्वचित थोड्या ढगाळ दिसतात. उलट पॉलिप्रॉपिलीन हा मेणचट पदार्थ रंगास अंगी लागू देत नाही. तसेच लिओ बेकलँड यांनी १९०७ साली शोधलेल्या बेकेलाइटच्या जातीच्या कठीण काळ्या मुठीही या कृतीस निरुपयोगी होत.

ओळख पटविण्याची सोपी रीत अशी. मुठीच्या आतल्या बाजूचा एक लहान कपटा तासून घ्यावा आणि साबणाचा एक थेंब घातलेल्या पाण्यात बुडवून सोडावा. वर तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन समजावे व नाद सोडावा. बुडाला तर नायलॉन असण्याचा संभव आहे, पण खात्री नव्हे. कारण दुसरेही कित्येक पदार्थ बुडतात. खात्रीसाठी तोच कपटा गरम रंगात दहा मिनिटे ठेवून मग साबणाने चोळून धुवावा. रंग टिकला तर मूठही रंगेल. कपटा जाळून वासाने पारख करण्याची रीत कोणी सांगेल. तिच्या नादी लागू नये, काही पदार्थांचा धूर विषारी असतो.

येथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. रंग हा असलेल्या रंगावर चढतो. असलेला रंग तो काढीत नाही. म्हणून काळी मूठ कशानेही पिवळी होणार नाही. पांढरी, सायीच्या रंगाची किंवा फिकट राखी मूठच या कामी घ्यावी. नवा चाकू खरेदी करताना ही निवड केली की अर्धे काम झाले.

रंग घेताना पुडीवर लोकर, रेशीम व नायलॉन यांसाठी असे लिहिलेले पाहून घ्यावे. यांस आम्ल रंग म्हणतात. पॉलिस्टर कापडाचा, ज्यास डिस्पर्स म्हणतात, तो रंगही नायलॉनवर चढतो. नावगाव नसलेली सुटी भुकटी घेऊ नये. बेंझिडीनपासून केलेले रंग कर्करोगास कारण होतात म्हणून त्यांवर आपल्या देशात १९९० च्या दशकात बंदी आली. निनावी पुडीत काय आहे हे विकणाराही सांगू शकत नाही.

कृती येणेप्रमाणे. प्रथम चाकूचे स्क्रू काढून मुठीचे दोन्ही कातळे सुटे करावेत. स्क्रू व वायसर एका वाटीत क्रमाने ठेवावेत. कातळे साबण व ब्रशाने घासून तेलकटपणा समूळ काढावा, कारण जेथे हाताचे तेल राहील तेथे डाग राहील. पृष्ठभाग गुळगुळीत असल्यास बारीक पॉलिश कागदाने ओलाच हलका घासावा. नंतर जुन्या स्टीलच्या पातेल्यात १ लिटर पाणी घेऊन त्यात पाव चमचा रंग, थोड्या गरम पाण्यात आधी कालवून व गाळून, घालावा. आम्ल रंग असल्यास दोन ते तीन मोठे चमचे शिरका मिसळावा. शिरक्याच्या आंबटपणामुळे नायलॉन रंगास ओढून घेते. तो न घातल्यास रंग पाण्यातच राहतो.

पाणी तापून तळाशी बारीक बुडबुडे धरू लागले, म्हणजे सुमारे ८० ते ९० अंश सेल्सिअस झाले, की कातळे तारेस बांधून आत सोडावेत. आच मंद ठेवावी. खळखळ उकळू देऊ नये. उष्णतेने नायलॉनची घट्ट वीण सैल होते व रंगाचे कण आत शिरतात. थंड झाल्यावर वीण पुन्हा आवळते आणि रंग आत कोंडला जातो. अधूनमधून हलवीत २० ते ३० मिनिटे ठेवावे. ओल्या अंगावर रंग असतो त्याहून गडद दिसतो, हे धरून थोडा जास्त चढू द्यावा. मग आच बंद करून पाणी निवेपर्यंत कातळे आतच राहू द्यावेत. शेवटी स्वच्छ पाण्याने, नंतर साबणाने, धुवण निर्मळ येईपर्यंत धुवावे. पूर्ण वाळल्यावर चाकू जोडून बिजागरीस शिलाई यंत्राचे तेल द्यावे. गोडे तेल देऊ नये. ते काही दिवसांनी चिकटते.

ज्या चाकूची मूठ रिव्हेटने ठोकलेली असते तो सबंध चाकूच रंगात बुडवावा लागतो. या उष्णतेने पात्याचे पाणी उतरत नाही. परंतु साध्या पोलादाचे पाते शिरक्याच्या गरम पाण्यात गंजते. म्हणून असा प्रयोग न गंजणाऱ्या पोलादावरच करावा, आणि बाहेर काढताच सांधे कोरडे करून तेल द्यावे.

ज्यास रंग विकत आणावयाचा नसेल त्याने हळदीचा प्रयोग करावा. वसमतच्या बाजारपेठेची हळद आपणा मराठवाड्यातील लोकांस नवी नाही. दोन चमचे हळद १ लिटर पाण्यात याच रीतीने तापविल्यास नायलॉन सुरेख पिवळे होते. दोष दोन आहेत. हा रंग उन्हाने उडतो, म्हणून दरसाल पुन्हा द्यावा लागतो. आणि धुण्याच्या साबणाने तो तांबूस होतो. त्यावर लिंबू चोळले असता पुन्हा पिवळा होतो.

कोणता रंग द्यावा, हा प्रश्न शोभेचा नाही. उघड्या काळ्या रानात व द्राक्षाच्या बागेत पिवळा उत्तम. परंतु सोयाबीनच्या गुळीत किंवा कडब्यात पिवळा लपतो; तेथे लाल किंवा निळा बरा. लालाचा एक दोष असा की, उजेड मंदावला म्हणजे मनुष्याच्या डोळ्यास लाल रंग काळा भासू लागतो. शिवाय काही पुरुषांस लाल व हिरवा यांतील भेद जन्मतःच कळत नाही. अशांस हिरव्या पिकात लाल मूठ दिसणार नाही. निळा रंग आपल्या रानात निसर्गतः फारसा नसतो, म्हणून पेंढ्या बांधण्याचा चाकू आम्ही निळा केला, आणि छाटणीचा पिवळा.

आमच्या चुकाही लपविण्याचे कारण नाही. प्रथम आम्ही सुती कापडाचा रंग मीठ घालून वापरला. मूठ तशीच राहिली, तळहात मात्र आठवडाभर जांभळा राहिला. दुसऱ्या वेळी मुठीचा पदार्थ न पारखता ती खळखळत्या पाण्यात टाकली. ती वाकडी होऊन चाकू मिटेनासा झाला. तिसऱ्या वेळी स्वयंपाकाचे पातेले घेतले, तेव्हा घरातून ऐकावे लागले, "अहो, सबंध जन्म दुसऱ्याचे कागद तपासलेत, आता एक पुडी वाचून पाहावयास काय झाले होते?" बोलणे योग्यच होते. रंगाचे पातेले व चमचा कायमचे वेगळे ठेवावेत, पुन्हा अन्नास लावू नयेत. भुकटी कालविताना नाकातोंडास फडके बांधावे, हातात रबरी मोजे घालावेत, आणि लहान मुलांस दूर ठेवावे. उरलेले पाणी विहीर, ओढा वा गुरांच्या हौदापासून दूर खड्ड्यात ओतून वर माती लोटावी.

हा रंग मुठीच्या पृष्ठभागात थोडाच खोल जातो. कोपरे झिजतात तेथे मूळ रंग डोकावू लागला की पुन्हा एक बुडी द्यावी. ज्यांच्याकडे काळे चाकू आहेत त्यांनी ते टाकून देण्याचे कारण नाही. मुठीस विजेच्या तारांवर गुंडाळतात ती पिवळी चिकटपट्टी दोन वेढे द्यावी, अथवा शेवटच्या भोकात वीतभर रंगीत नायलॉनची दोरी ओवावी. खुरपे व विळा यांच्या लाकडी मुठींस साधा तैलरंगही पुरे होतो.

आणि एवढे करूनही संध्याकाळी रानातून निघताना हत्यारे मोजण्याची सवय सोडू नये. आमचे गोठ्याच्या दाराशी आता एक फळी ठोकली आहे. तीवर चार चाकूंच्या चार खुंट्या आहेत, प्रत्येक खुंटी आपल्या चाकूच्या रंगाची. एक रिकामी दिसली की त्या दिवशीच्या पेंढ्या यंत्राकडे जात नाहीत. ही फळी आमच्या सालगड्याने आपणहून केली. पत्र्यावरचा तो पोचा त्याने बुजवू दिला नाही. फळी त्याच्याच खाली ठोकली आहे.