मोजणीचा दिवस कोठे खर्च होतो? भूकरमापकाच्या वेळेचा हिशेब

बांध कोरल्याचा वाद, भावाभावांतील वाटणी, विहिरीची जागा, बिनशेतीचे काम किंवा रस्त्यासाठी गेलेली जमीन, यांपैकी कोणतेही कारण असो, शेतकऱ्याला शेवटी तालुक्याच्या उपअधीक्षक भूमि अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करावा लागतो. फी भरून पावती हातात पडली की पहिला प्रश्न असतो, "तारीख कधी लागणार?" तारीख लांबली तर पेरणी अडते, कर्जप्रकरण थांबते, कोर्टातील दावा पुढे जातो आणि बांधावरचा तंटा वाढतो. उशिराची दोन कारणे सहसा सांगितली जातात. कर्मचारी कमी आहेत, हे एक आणि काम करीत नाहीत, हे दुसरे. पहिल्यात तथ्य असते, दुसऱ्यात कधी असते व कधी नसते. परंतु मोजणी करणाऱ्या तांत्रिक कर्मचाऱ्याचा दिवस प्रत्यक्षात कोठे खर्च होतो, याचा हिशेब मांडल्याशिवाय उपाय सापडत नाही. हा हिशेब कसा ठेवला जातो, तो कोठे अपुरा पडतो आणि शेतकऱ्याला त्याचा काय उपयोग, याची माहिती या लेखात दिली आहे.

मोजणी म्हणजे केवळ यंत्र लावणे नव्हे

गावाकडे ज्यांना मोजणीदार म्हणतात ते भूकरमापक हे या कामाचा कणा होत. एका हद्द कायम मोजणीच्या प्रकरणात त्यांना पुढील टप्प्यांतून जावे लागते.

१) अभिलेखाची तयारी : गट नकाशा, जुने टिपण, गुणाकार बुक, फाळणी, आकारफोड ही कागदपत्रे अभिलेख कक्षातून काढून त्यावरून मोजणीचा आधार तयार करणे. जुनी टिपणे साखळीच्या मापात असतात. साखळी ३३ फुटांची व तिचे १६ आणे. ही मापे आजच्या मीटरमध्ये आणावी लागतात.

२) नोटीस : अर्जदार व लगतचे सर्व खातेदार यांना मोजणीची तारीख कळविणे.

३) जागेवरील काम : हद्द व वहिवाट दाखवून घेणे, जुने दगड, बांध, विहिरी यांची स्थाने घेणे, जबाब व पंचनामा करणे.

४) नकाशा : जागेवरील मोजणी अभिलेखाशी जुळवून हद्दी ठरविणे व अर्जदारास हद्दीच्या खुणा दाखविणे.

५) छाननी व 'क' प्रत : वरिष्ठांकडून तपासणी झाल्यावर नकाशाची 'क' प्रत देणे.

याशिवाय भूसंपादनाची संयुक्त मोजणी, कोर्ट वाटप, कोर्ट कमिशन, पोटहिस्सा मोजणी, निमताना प्रकरणांची कागदपत्रे आणि बैठका असतात. केंद्र शासनाने २०२० साली स्वामित्व योजना सुरू केल्यानंतर गावठाणाच्या ड्रोन मोजणीचे कामही याच विभागाकडे आले. ही सर्व कामे त्याच मनुष्यबळातून होतात, हे लक्षात घेतले पाहिजे.

आज वेळेची नोंद कशी होते?

फिरतीवर असणाऱ्या शासकीय कर्मचाऱ्याने संभाव्य फिरती कार्यक्रम द्यावा व महिनाअखेर दैनंदिनी सादर करावी, ही जुनी पद्धत आहे. दैनंदिनीत तारीख, गाव, मोजणी रजिस्टर नंबर व काय काम झाले याची नोंद असते. महिन्याला किती प्रकरणे निकाली काढावीत याचा इष्टांक ठरलेला असतो व त्यावरून कामाचा आढावा घेतला जातो.

कामाच्या तपासणीची गरज नवी नाही. पुणे भागात प्रिंगल यांनी १८२० च्या दशकाच्या अखेरीस सुरू केलेली जमीन पाहणी फसली. हाताखालच्या नोकरांनी केलेल्या मोजणीतील व प्रतवारीतील चुका वेळीच पकडल्या गेल्या नाहीत, हे त्याचे एक मोठे कारण होते. त्यानंतर १८३५-३६ मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी नव्याने काम हाती घेतले आणि तपासणीला पद्धतीतच स्थान मिळाले. मात्र तेव्हापासून भर राहिला तो मोजमाप बरोबर आहे की नाही यावर. वेळ कोठे गेला, हा प्रश्न मागेच राहिला.

निव्वळ संख्या मोजण्यातील दोष

दैनंदिनीतून प्रकरणांची संख्या कळते, पण वेळ कळत नाही. यातून तीन अडचणी निर्माण होतात.

पहिली, सर्व प्रकरणे सारखी धरली जातात. सरळ बांधाचा वीस गुंठ्यांचा तुकडा हे एक प्रकरण आणि पंधरा हिस्सेदारांचा, नाल्याने तुटलेला, टिपण न जुळणारा गट हेही एकच प्रकरण. संख्येचाच इष्टांक असेल तर सोपे काम आधी उरकले जाणे व अवघड काम मागे पडणे साहजिक आहे. ज्याच्या जमिनीचा वाद मोठा, त्यालाच अधिक थांबावे लागते.

दुसरी, वाया गेलेला दिवस दिसत नाही. "मोजणी होऊ शकली नाही" एवढ्या एका ओळीमागे ऊस उभा होता, नोटीस पोहोचली नाही, अर्जदार हजर नव्हता, की पोलीस बंदोबस्त मिळाला नाही, हे स्पष्ट होत नाही. कारण माहीत नसेल तर उपाय कशावर करणार?

तिसरी, थांबण्याचा वेळ कोणीच लिहीत नाही. दीड तास झाडाखाली बसून काढल्याची नोंद करणे कर्मचाऱ्याला अडचणीचे वाटते.

एका दिवसाचा ताळेबंद

पुढील उदाहरण काल्पनिक आहे. हिशेबाची रीत समजावी म्हणून आठ तासांचा, म्हणजे ४८० मिनिटांचा, दिवस घेतला आहे.

कार्यालयात अभिलेख व यंत्र घेणे : ६० मिनिटे
गावी जाणे-येणे : १२० मिनिटे
सर्व हजर होईपर्यंत थांबणे : ७५ मिनिटे
हद्द दाखविणे, म्हणणे ऐकणे, जबाब : ६० मिनिटे
यंत्राने प्रत्यक्ष मोजणी : ९० मिनिटे
पंचनामा व सह्या : ३० मिनिटे
जेवण : ३० मिनिटे
कार्यालयात परतून नोंद : १५ मिनिटे

या दिवसात यंत्राने मोजणीचे काम एक पंचमांशापेक्षाही कमी वेळ झाले. आता समजा, नवे यंत्र आले व ९० मिनिटांचे काम ४५ मिनिटांत झाले. वाचली ४५ मिनिटे. तेवढ्यात दुसरे प्रकरण होत नाही. म्हणजे यंत्र बदलले तरी दिवसाला एकच प्रकरण!

परंतु एकाच गावातील दोन प्रकरणे एकाच दिवशी लावली, लोक वेळेवर आल्याने थांबणे प्रत्येकी १५ मिनिटांवर आले आणि कागदपत्रे व जुन्या खुणा तयार असल्याने म्हणणे ऐकण्याचे काम प्रत्येकी ३० मिनिटांत झाले, तर काय होते ते पाहू. प्रत्येक प्रकरणास १५ अधिक ३० अधिक ४५ अधिक ३०, म्हणजे १२० मिनिटे लागतील. दोहोंची २४० मिनिटे. त्यात कार्यालय, प्रवास, जेवण व नोंद यांची २२५ मिनिटे मिळविली की ४६५ मिनिटे होतात. त्याच दिवसात दोन मोजण्या बसल्या. यंत्र, नियोजन व शेतकऱ्याची तयारी या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच हे साधते. यांपैकी एक जरी सुटली तरी दुसरे प्रकरण बसत नाही.

यंत्राने काय साधते व काय नाही

फलक यंत्राच्या जागी प्रथम ईटीएस यंत्र आले व आता रोव्हर वापरला जातो. भारतीय सर्वेक्षण विभागाने राज्यात ७७ कायम संदर्भ केंद्रे उभारली असून त्यांच्या दुरुस्ती संदेशामुळे रोव्हरने काही सेंटिमीटर इतक्या अचूकतेने स्थान मिळते. ईटीएस यंत्राला समोरचा बिंदू दिसावा लागतो. रोव्हरला ती अट नाही. मात्र रोव्हरला मोकळे आकाश व मोबाईलचे नेटवर्क लागते. दाट आमराईत, नारळी-पोफळीत किंवा खोल दरीतील शेतात त्याला मर्यादा येतात.

वेळेच्या नोंदीसाठी या यंत्रांचा एक फायदा आहे. घेतलेल्या प्रत्येक बिंदूसोबत तारीख व वेळ आपोआप साठते. परंतु यंत्र सुरू होण्यापूर्वीची प्रतीक्षा व नंतरचा वाद यंत्राला कळत नाही. ती नोंद माणसानेच करावी लागते.

शितावरून भाताची परीक्षा

प्रत्येक कर्मचाऱ्याने दर पंधरा मिनिटांची नोंद लिहिली तर चित्र पूर्ण मिळेल, पण लिहिण्यातच वेळ जाईल आणि काही दिवसांनी नोंदी अंदाजाने भरल्या जातील. यावर नमुना पाहणी हा चांगला उपाय आहे. ही रीत शेतकऱ्यांना परिचित आहे. पीक कापणी प्रयोगात सगळे शिवार कापून तोलत नाहीत. यादृच्छिक पद्धतीने शेत व त्यातील प्लॉट निवडतात, अनेक पिकांसाठी हा प्लॉट १० मीटर लांब व ५ मीटर रुंद असतो, आणि त्याच्या उताऱ्यावरून सरासरी काढतात. ही पद्धत देशात रुजविण्यात डॉ. पां. वा. सुखात्मे व डॉ. वि. गो. पानसे यांचा मोठा वाटा आहे. आपल्या मनाने चांगला पट्टा निवडला तर उतारा फुगतो, म्हणून निवड चिठ्ठीनेच व्हावी, हे त्यातील मर्म.

वेळेच्या बाबतीतही हेच लागू पडते. ब्रिटनमधील कापूस उद्योगाच्या संशोधन संस्थेत काम करणारे संख्याशास्त्रज्ञ एल. एच. सी. टिपेट यांनी १९३० च्या दशकात गिरण्यांसाठी अशी रीत मांडली. दिवसभर पाळत न ठेवता, चिठ्ठीने निघालेल्या वेळी त्या क्षणी काय चालले आहे एवढेच टिपायचे. शंभर नोंदींपैकी वीस वेळा माणूस थांबलेला आढळला, तर सुमारे वीस टक्के वेळ प्रतीक्षेत जातो असे समजावे.

किती नोंदी हव्यात याचाही हिशेब आहे. वीस टक्क्यांचा अंदाज पाच टक्के इकडेतिकडे एवढ्या फरकाने हवा असेल तर सुमारे २५६ नोंदी लागतात. तालुक्यात चार भूकरमापक असतील व प्रत्येकाने रोज चिठ्ठीने निघालेल्या तीन वेळांना एक सांकेतिक अक्षर लिहिले, उदाहरणार्थ प्र म्हणजे प्रवास, थ म्हणजे थांबणे, य म्हणजे यंत्राचे काम, न म्हणजे नकाशा, ब म्हणजे बैठक, तर २२ कामाच्या दिवसांत २६४ नोंदी जमतात. म्हणजे एका महिन्यात तालुक्याचे चित्र स्पष्ट होते.

येथे एक पथ्य पाळणे आवश्यक आहे. ही नोंद व्यक्तीला शिक्षा करण्यासाठी वापरू नये. नोंदीवरून कारवाई होते असे दिसले की 'थ' हे अक्षर वहीतून नाहीसे होईल आणि हिशेब सुंदर पण खोटा बनेल. गैरवर्तनाची चौकशी वेगळी. वेळेचा अभ्यास वेगळा.

तारखेचा अंदाज कसा काढावा?

शेतकऱ्याला स्वतः करता येईल असा एक सोपा हिशेब आहे. तालुक्यात शिल्लक प्रकरणे किती व दरमहा निकाली किती निघतात, हे दोन आकडे विचारावेत. शिल्लक संख्येला मासिक निकालीने भागले की सरासरी किती महिने थांबावे लागेल ते कळते. समजा २४० प्रकरणे शिल्लक आहेत व महिन्याला ४० निकाली निघतात, तर सहा महिने. वाया जाणारे दिवस कमी होऊन ४८ निघू लागली तर पाच महिने. अर्ज ओळीने घेतले जातात असे यात गृहीत धरले आहे. हे आकडे तोंडी न मिळाल्यास माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली मागता येतात. साधी, तातडीची अशा जुन्या प्रकारांऐवजी १ डिसेंबर २०२४ पासून नियमित व द्रुतगती असे दोन प्रकार लागू करण्यात आले व त्यांची मुदत अनुक्रमे ९० व ३० दिवस ठरविण्यात आली. अर्ज करतेवेळी लागू असलेली फी व मुदत पाहून घ्यावी.

शेतकऱ्यांनी घ्यावयाची काळजी

१) अर्जात लगतच्या सर्व खातेदारांची नावे व आजचे पत्ते अचूक द्यावेत. शहरात राहणाऱ्या वारसाचा पत्ता चुकला तर नोटीस बजावली जात नाही व पुढे हरकत निघते.

२) उसाची तोड, खरिपाची काढणी पाहूनच अर्जाची वेळ साधावी. उभ्या पिकात मोजणी लांबते व पिकाचेही नुकसान होते.

३) मोजणीपूर्वी बांधावरील झुडपे तोडून जुने दगड उघडे करावेत. हद्दीचे दगड, खुंट्या, चुना व मजूर तयार ठेवावेत.

४) ७/१२ उतारा, जुनी 'क' प्रत, वाटणीपत्र जवळ ठेवावे. हिस्सेदारांनी आपसातील म्हणणे आदल्या दिवशीच बोलून घ्यावे.

५) ठरलेल्या वेळी अर्जदाराने स्वतः हजर राहावे. शक्य नसल्यास तसे आधीच लेखी कळवावे, म्हणजे ती तारीख दुसऱ्याच्या उपयोगी पडेल.

६) गावातील चार-पाच शेतकऱ्यांना मोजणी करावयाची असल्यास अर्ज एकाच सुमारास करावेत व एका फेरीत घेण्याची लेखी विनंती करावी. ग्रामपंचायतीने यात पुढाकार घ्यावा.

७) मोजणी न झाल्यास कारण पंचनाम्यात स्पष्ट लिहिले आहे याची खात्री करूनच सही करावी.

८) मोजणी मान्य नसल्यास जागेवर हुज्जत घालू नये. आपले म्हणणे जबाबात नोंदवावे व वरिष्ठांकडे निमताना मोजणी मागावी.

सारांश, मोजणीदाराचा एक दिवस वाया जातो तेव्हा त्या दिवसाचे नुकसान एका अर्जदारापुरते राहत नाही. त्याच्यामागे ओळीत उभ्या असलेल्या प्रत्येकाची तारीख एक दिवसाने पुढे सरकते. कार्यालयाने वेळेचा खरा हिशेब ठेवावा आणि शेतकऱ्याने बांधावर तयारीनिशी उभे राहावे. दोन्ही बाजूंनी एवढे झाले तर आहे त्याच मनुष्यबळात पुष्कळ मोजण्या वेळेवर होतील.