नळ आला, मूल मात्र यादीबाहेर

संभाजीराजांच्या कारकिर्दीतील १६८१ च्या स्वारीमुळे बुऱ्हाणपूर हे नाव मराठी वाचकास परके नाही. मध्य प्रदेशातील या जिल्ह्याने जुलै २०२२ मध्ये आणखी एक लौकिक मिळविला. त्याच्या सर्व २५४ गावांत घरोघर नळ पोहोचले आणि असे प्रमाणपत्र मिळविणारा तो देशातील पहिला जिल्हा ठरला. दूषित पाण्याने वारंवार हगवण लागणाऱ्या मुलाच्या अंगी अन्न लागत नाही. म्हणून हा नळ बालकांच्या आरोग्याचाही पाया होय. त्याबद्दल शासनाचे अभिनंदनच केले पाहिजे.

परंतु पाया म्हणजे घर नव्हे. खकनारच्या डोंगराळ भागातील कोरकू कुटुंबे मजुरीसाठी हंगामी स्थलांतर करतात. शेजारीच आमच्या मेळघाटातील धारणी तालुका आहे. जमात तीच, जंगल तेच. मध्ये रेघ आहे ती दोन राज्यांची. आईच्या कडेवरचे मूल गाव सोडते तेव्हा त्याचा आहार, वजन आणि लसीकरण मागे राहते. पोषण ट्रॅकरवर नोंद परराज्यात हलविण्याची सोय आहे खरी. पण नोंद हलली म्हणून मुलाच्या पोटात घास पडत नाही. शेतावरील पालापर्यंत कोणी तरी चालत जावे लागते.

दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरहून कमी भरलेले मूल तीव्र कुपोषित समजतात. पोषण पुनर्वसन केंद्रात त्याला सुमारे दोन आठवडे ठेवावे लागते. तेवढे दिवस आईचा रोज बुडतो आणि घरची इतर मुले उघडी पडतात. ती माउली केंद्रातून लवकर निघून गेली, तर तिला अडाणी म्हणण्याचा अधिकार कोणास आहे?

यावरचा मार्ग महाराष्ट्रानेच दाखविला आहे. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना शिकवून नवजात अर्भकांची देखभाल घरातच सुरू केली. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये जगापुढे आले आणि २०११ पासून देशभर ‘आशा’ कार्यकर्त्यांच्या घरभेटींना सुरुवात झाली. मूल दवाखान्यात येण्याची वाट न पाहता दवाखान्याने मुलाच्या दारी जावे, हेच त्यातील मर्म होय.

म्हणून आमची मागणी साधी आहे. हंगामापूर्वी खकनार व धारणीच्या अधिकाऱ्यांनी एकत्र बसून गाव सोडणाऱ्या बालकांच्या याद्या एकमेकांस द्याव्यात. मुक्कामाच्या जागी वजन, लस व आहार पोहोचवावा. केंद्रात राहणाऱ्या आईस बुडीत मजुरी हातोहात द्यावी.

किनाऱ्यावरच्या आम्हांस हा प्रश्न दूरचा वाटू नये. १९९२ मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीत बालके दगावली, तेव्हा मुंबई काही फार लांब नव्हती. अंतर होते ते आस्थेचे. ते दोन राज्यांच्या सीमेवर पुन्हा पडू न देणे, ही दोन्ही सरकारांची जबाबदारी आहे.