नंबर कोण देतो, नाव कोण सांगतो?

वाकडमधील एखाद्या घराचा पत्ता वाचून पाहा. त्यात सर्व्हे नंबर असतो, सोसायटीचे नाव असते, ‘भूमकर चौकाजवळ’ अशी खूण असते आणि शेवटी ४११०५७ हा पिन कोड असतो. १९९७ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत येईपर्यंत हे एक स्वतंत्र गाव होते. नाव माणसाच्या लक्षात राहते. टपाल वेगळे करणाऱ्याला मात्र आकडा सोयीचा. आकड्यांची ही सोय आपल्याकडे १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यात अधिकारी होते, आणि संस्कृतचे कवीही! ४११०५७ मधील पहिले तीन आकडे पत्र पुण्यापर्यंत आणतात, पुढचे तीन वाटप करणाऱ्या टपाल कचेरीपर्यंत.

विद्यार्थी मित्रांनो, कचेरीतील संगणकांचेही असेच असते. समजा, वाकडमधील एका कचेरीत साठ यंत्रे आहेत. हिशेबनिसांकडे विंडोज, आराखडे काढणाऱ्यांकडे अ‍ॅपल, कोपऱ्यातला सर्व्हर लिनक्सवर चालणारा. शिवाय प्रिंटर, हजेरीचे अंगठायंत्र आणि सगळ्यांचे मोबाइल. यांतील प्रत्येकाला आयपी पत्ता लागतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१०.२५. त्याचा पुढचा भाग, १९२.१६८.१०, कचेरीचे जाल दाखवतो आणि शेवटचा २५ त्या जालातील यंत्र. शेवटच्या जागी ० ते २५५ असे २५६ आकडे बसतात. पण ० हा जालाचा स्वतःचा आणि २५५ ‘सर्वांसाठी’ राखलेला असल्यामुळे यंत्रांना २५४ उरतात.

हे नंबर वाटायचे कोणी? वहीत लिहून हाताने देता येतात, पण एकच नंबर चुकून दोघांना दिला गेला, की एकाचे संदेश दुसऱ्याकडे जाऊ लागतात आणि दोघांचेही काम अडते. म्हणून हे काम एका सर्व्हरवर सोपवतात. त्या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. तिची आज रूढ असलेली नियमावली १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली.

गंमत अशी, की नव्या यंत्राला स्वतःचा नंबर नसतोच, आणि नंबर देणारा कुठे आहे हेही ठाऊक नसते. मग ते काय करते? चक्क सर्वांना ऐकू जाईल अशी हाक मारते, “मला कोणी नंबर देईल का?” सर्व्हर म्हणतो, “२५ मोकळा आहे, घे.” यंत्र पुन्हा मोठ्यानेच सांगते, “मी २५ घेतो.” दुसऱ्यांदा सर्वांना ओरडून सांगण्याचे कारण काय? जालात नंबर देणारे दोन सर्व्हर असतील, तर आपला देकार स्वीकारला गेला नाही हे दुसऱ्याला कळावे आणि त्याने आपला नंबर परत मोकळा करावा. शेवटी पहिला सर्व्हर “ठीक, नोंद केली” असे कळवतो. बाहेर जाण्याचा मार्ग कोणता आणि नावे कोणाला विचारायची, हेही तो त्याच वेळी सांगून टाकतो.

हा नंबर कायमचा नसतो. तो भाड्याने मिळतो. भाडे आठ तासांचे असेल, तर निम्मी मुदत म्हणजे चार तास होताच यंत्र त्याच सर्व्हरकडे मुदतवाढ मागते. उत्तर आले नाही, तर सात अष्टमांश, म्हणजे सात तास झाल्यावर ते जो कोणी देईल त्याला विचारते. मुदत किती ठेवावी हा हिशेबाचा प्रश्न आहे. समजा, २५४ पैकी २१ नंबर राउटर, सर्व्हर, प्रिंटर वगैरेंसाठी बाजूला काढले, उरले २३३. रोज ४० नवे पाहुणे मोबाइल घेऊन येतात आणि मुदत आहे आठ दिवसांची. पाच दिवसांत २०० नंबर अडकतात. सहाव्या दिवशी ३३ जणांना मिळतो आणि सात जण हात हलवत बसतात, तेही एव्हाना २०० पाहुणे केव्हाच घरी गेलेले असताना! (कर्मचाऱ्यांची यंत्रे यात धरलेलीच नाहीत.) पाहुण्यांना काही तासांचीच मुदत द्यावी, हे उघड आहे.

आता नावांकडे वळू. इंटरनेटच्या आधीच्या जालावर सर्व संगणकांची नावे व नंबर एकाच यादीत असत, आणि ती यादी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ठेवली जाई. संगणक वाढले तशी ती आवरेना. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी तोडगा काढला, की यादी एका ठिकाणी न ठेवता वाटून द्यावी. ज्याचा वाडा त्याने त्यातील खोल्यांची नोंद ठेवावी. हीच डीएनएस. नाव उजवीकडून उलगडत जायचे. भारताचे ‘.इन’ हे आडनाव १९८९ पासून वापरात आहे, आणि २०१४ पासून देवनागरीत ‘.भारत’ही मिळते.

मिश्र कचेरीत खरा घोटाळा येथे होतो, कारण नाव विचारण्याची प्रत्येकाची तऱ्हा निराळी. विंडोजच्या जुन्या पद्धतीत १५ अक्षरांपर्यंतचे नाव हाक मारून शोधले जाई. अ‍ॅपलची यंत्रे ‘.लोकल’ने संपणारे नाव वेगळ्या प्रकारे हाक मारून शोधतात. हाक राउटरच्या पलीकडे जात नाही. त्यामुळे खालच्या मजल्यावर सापडणारा प्रिंटर वरच्या मजल्यावरच्या जालाला सापडत नाही. एखाद्याने लॅपटॉपमध्ये ८.८.८.८ हा बाहेरच्या नामसर्व्हरचा पत्ता हाताने भरलेला असतो. त्याला जगातील सगळी संकेतस्थळे मिळतात, पण ‘हिशेब’ नावाचा आपल्याच कचेरीतील सर्व्हर मिळत नाही. बाहेरच्याला तो कसा ठाऊक असणार? माझ्या मते सर्वांनी कचेरीतील एकाच नामसर्व्हरला विचारावे आणि बाहेरचे प्रश्न त्याने पुढे पाठवावेत, हे उत्तम.

पण नंबर देणारा आणि नाव सांगणारा यांच्या वह्या जुळल्या पाहिजेत. शुक्रवारी संध्याकाळी पावत्या छापणारा प्रिंटर बंद केला. त्याची मुदत संपली आणि सोमवारी सकाळी त्याचा नंबर कोणाच्या तरी लॅपटॉपला मिळाला. नावांच्या वहीत मात्र जुनीच नोंद आहे. चाकणला माल नेणारा टेम्पो भरून फाटकाशी उभा, आणि पावत्या लॅपटॉपकडे जाऊन हरवत आहेत! म्हणून प्रिंटरसारख्या यंत्राला त्याच्या ४८ बिटांच्या यंत्रक्रमांकावरून ठरलेला नंबर राखून ठेवतात, आणि इतरांना नंबर देताच डीएचसीपी सर्व्हरने नावांच्या वहीतही नोंद करावी अशी व्यवस्था करतात.

वह्यांचा हा गोंधळ मोठ्यांनाही चुकलेला नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये अ‍ॅमेझॉनच्या अमेरिकेतील व्हर्जिनिया येथील केंद्रात नावांची नोंद सांभाळणारे दोन स्वयंचलित कार्यक्रम एकाच वेळी चालले. एकाने जुनी यादी नव्या यादीवर लिहिली, दुसऱ्याने जुनी म्हणून ती पुसली. एका महत्त्वाच्या नावापुढे एकही पत्ता उरला नाही आणि जगभरातील अनेक सेवा काही तास ठप्प झाल्या.

तुमच्या शाळेच्या संगणकखोलीत हे पडताळता येईल. विंडोजच्या काळ्या खिडकीत इंग्रजीत ‘आयपीकॉन्फिग’, मग मोकळी जागा, तिरपी रेघ आणि ‘ऑल’ असे टाइप करा. नंबर डीएचसीपीने मिळालेला असेल, तर नंबर मिळाल्याची आणि मुदत संपण्याची वेळ दिसेल. दोन्ही वहीत लिहा, मधला काळ निम्मा करा आणि तेवढा वेळ उलटल्यावर पुन्हा पाहा. मुदत संपण्याची वेळ पुढे सरकलेली दिसेल. नंबर १६९.२५४ ने सुरू होणारा दिसला, तर समजा, की यंत्राने हाक मारली होती पण कोणी उत्तर दिले नाही, आणि शेवटी त्याने स्वतःच एक नंबर लावून घेतला.