छपरावर चढण्याची हौस

पावसाळा तोंडावर आला, की आपण शिडी लावतो आणि कौले चाळायला घरावर चढतो. काम झाले की खाली उतरतो. छप्पर ही काही फिरायला जाण्याची जागा नव्हे. पण काही शहरांत लोक तिकीट काढून मोठ्या इमारतीच्या छपरावर चढतात. बरोबर वाटाड्या असतो. वर जायचे, चारी दिशा पाहायच्या आणि खाली यायचे. एवढ्यासाठी पैसे! तुम्ही म्हणाल, हे कसले वेड? वेड म्हणा, हौस म्हणा. पण ती पुरवतात कशी, ते समजून घेण्यासारखे आहे.

लंडन शहरात ओटू नावाची एक भलीमोठी वाटोळी इमारत आहे. २००० सालच्या प्रदर्शनासाठी ती बांधली. आता तिथे गाण्याबजावण्याचे जलसे होतात. आपल्या भिवंडीत घरोघर मागाचा खडखडाट, म्हणून मुद्दाम सांगतो. या इमारतीचे छप्पर कापडाचे आहे! सुती नव्हे, रेशमीही नव्हे. काचेचे अगदी बारीक धागे काढले, ते विणले आणि वर पाणी न धरणारा लेप दिला. बारा उंच खांबांना तारा बांधून हे कापड ताणले आहे.

२०१२ सालापासून लोकांना या छपरावर नेतात. कापडावर पाय ठेवायचा नाही. त्याच्या थोडी वर वेगळी पायवाट टांगली आहे. तिचा माथा ५२ मीटर, म्हणजे सुमारे १७० फूट उंच आहे.

चढण्याआधी प्रत्येकाच्या अंगाला पट्टा बांधतात. पट्ट्याला आखूड दोर, दोराच्या टोकाला कडी. पायवाटेच्या कडेने पोलादी तार नेली आहे. कडी त्या तारेत अडकवायची. माणूस चालेल तशी कडी सरकते. पाय घसरला तर माणूस आपटेल, पण खाली जाणार नाही. सगळी करामत एवढीच.

इथे थोडे घरचे बोलतो. आपल्या तालुक्यात गोदामे किती झाली, ते तुम्ही पाहताच. त्यांच्या पत्र्यांवर माणसे चढतात ती हौसेने नव्हे, पोटासाठी. सिमेंटचा पत्रा जुना झाला की ठिसूळ होतो. वरून धड दिसतो आणि पाय पडताच फुटतो. अशा पत्र्यावर कमरेला साधी दोरीही नसलेली माणसे मी पाहिली आहेत. हौसेने चढणाऱ्याला पट्टा आणि पोटासाठी चढणाऱ्याला काही नाही, हा कुठला न्याय? तेव्हा मुकादमाकडे पट्टा मागायला लाजू नका. नुसता पट्टा बांधूनही भागत नाही. दोराचे दुसरे टोक पक्क्या लोखंडी तुळईला हवे, पत्र्याला नव्हे.

लंडन राहिले दूर. आपल्या शेजारी विजापूर आहे. आता त्या गावाला विजयपूर म्हणतात. तिथला गोल घुमट म्हणजे मुहंमद आदिलशहाची कबर. हाच तो बादशहा, ज्याच्या पदरी शहाजीराजे होते. तो १६५६ साली वारला.

घुमट आतून सुमारे ३८ मीटर रुंद आहे. सव्वाशे फूट म्हणा. एवढ्या छपराखाली मधे एकही खांब नाही! मग भार कोण घेते? भिंतींपासून कमानी उचलल्या आहेत आणि त्या एकमेकींना छेदून जातात. त्यांच्यावर घुमट बसला आहे. भार कमानींवरून भिंतींवर उतरतो. भिंती आहेत दहा फूट जाड.

इमारतीच्या चार कोपऱ्यांना सात-सात मजल्यांचे मनोरे आहेत. मनोऱ्यातल्या अरुंद जिन्याने चढायचे. गुडघे बोलू लागतात. वर गेले की सगळे गाव पायाखाली दिसते. मग लहान दारातून घुमटाच्या आत शिरायचे. आत भिंतीला लागून गोल सज्जा आहे. खालची फरशी तिथून शंभर फुटांहून खोल!

वाटाडे इथे एक गंमत दाखवतात. वाटाड्या सज्जाच्या एका टोकाला भिंतीशी तोंड नेऊन हळूच बोलतो. समोरच्या टोकाला भिंतीला कान लावलेल्या माणसाला ते स्पष्ट ऐकू येते. जादू नाही ही. आवाज गोल भिंतीवर आपटतो, थोडा पुढे जाऊन पुन्हा आपटतो आणि असा भिंतीच्या कडेकडेने पुढे जातो. इकडेतिकडे पसरत नाही, म्हणून विरतही नाही. टाळी वाजवली तर ती पुन्हा पुन्हा ऐकू येते. आवाज एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. घुमटाच्या पलीकडच्या भिंतीवर आदळून परत यायला त्याला सेकंदाचा पाव भागही लागत नाही. तरी कानाला तेवढे अंतर पुरते. पण शाळेची सहल आली, की पोरे अशी ओरडतात की कुजबुज कुठली ऐकू येणार! मी मास्तर होतो, म्हणून हे सांगायचा मला अधिकार आहे.

जिन्यात मात्र मुलांना आवरावेच लागते. दिल्लीचा कुतुबमिनार तुम्ही चित्रात पाहिला असेल. पूर्वी त्यावर लोकांना चढू देत. ४ डिसेंबर १९८१ रोजी आतले दिवे गेले. अरुंद जिन्यात अंधार झाला, लोक घाबरले आणि एकच रेटारेटी झाली. त्या चेंगराचेंगरीत ४५ जीव गेले. त्यांत बरीचशी शाळेची मुले होती. तेव्हापासून तो जिना लोकांना बंद आहे. मिनार काही पडला नव्हता. माणसेच माणसांवर पडली.

म्हणून जिन्यात गर्दी असेल तर खालीच थांबावे. चढताना भिंतीला हात ठेवावा, पुढच्याला ढकलू नये. उतरणाऱ्याला आधी वाट द्यावी. लहान मूल असेल तर त्याचा हात सोडू नये.

जायचे असेल तर कल्याणहून सोलापूरची गाडी मिळते. सोलापूरहून विजापूर सुमारे १०० किलोमीटर. बसही जाते, रेल्वेही जाते. सकाळी दार उघडताच गेलात तर सज्जात गर्दी नसते आणि हळू बोललेले ऐकू येते.