केळीच्या तंतूंनी प्रबलित प्लॅस्टिकच्या सामर्थ्यावर ओलाव्याचा परिणाम

बऱ्हाणपूर जिल्ह्यातील शाहपूर परिसरात केळीचे पीक घेतले जाते. घड कापल्यावर उरणाऱ्या खोडापासून तंतू मिळतो. तो पॉलिएस्टर किंवा इपॉक्सी रेझिनमध्ये बसवून हलके फलक तयार करता येतात. मात्र पावसाळ्यात हे फलक टिकतील का, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

केळीच्या तंतूत सुमारे ६० ते ६५ टक्के सेल्युलोज असते. त्यातील हायड्रॉक्सिल गट पाणी धरून ठेवतात. काचतंतूच्या आत मात्र पाणी शिरत नाही. ओलाव्याने तंतू फुगतो व रेझिनला सूक्ष्म तडे जातात. सुकताना तो आकसून रेझिनपासून सुटतो. त्यामुळे रेझिनवरील भार तंतूपर्यंत नीट पोहोचत नाही आणि ताण व वाक सहन करण्याचे सामर्थ्य घटते. फलक वाळवल्यास सामर्थ्य काही अंशी परत येते, पण सुटलेली पकड पुन्हा जुळत नाही.

यावर उपाय म्हणून तंतू सोडियम हायड्रॉक्साइडच्या सौम्य द्रावणात ठेवून, धुऊन, पूर्ण वाळवतात. त्यामुळे मेण व हेमिसेल्युलोज कमी होऊन पकड सुधारते. फलकाच्या कापलेल्या कडाही रेझिनने बंद कराव्यात, कारण उघड्या टोकांतून पाणी लवकर शिरते.

तपासणीसाठी कोरडा नमुना तोलून पाण्यात बुडवतात. उदा., ५० ग्रॅमचा नमुना ५४ ग्रॅम झाल्यास शोषण ८ टक्के होय. वजन स्थिर झाल्यावर ओल्या नमुन्याचे सामर्थ्य मोजावे. पावसात वापरायच्या वस्तूचा आराखडा याच आकड्यावर आधारावा.